अर्ध्या शेडची हवा

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, की हा पुन्हा कुठेतरी पळाला आणि आता नव्या गावाचा पत्ता कळवतोय. पळालेलो नाही. इथेच आहे, बाबांच्या घरात, तुझ्या जुन्या टेबलाशी. टेबलाचा एक पाय अजून आखूड आहे, त्यामुळे ओळी उताराला लागल्यासारख्या दिसल्या तर तो दोष माझा नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्ये मध्ये प्रश्न विचारतेस आणि मग माझी गाडी रुळावरून उतरते ती उतरतेच. पत्रात मी भरकटलो तरी निदान एकटाच भरकटेन. बाळाने मान धरली का? तू पाठवलेल्या फोटोत त्याने कपाळाला अशी आठी घातली आहे की जणू कुणीतरी त्याच्याकडे हिशेब मागितलाय. नाक आपल्याकडचं आहे. भावोजींना सांगू नकोस.

तू माझ्या आताच्या साहेबांकडे माझ्यासाठी नोकरीचा शब्द टाकलास, तेव्हा काय म्हणालीस ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. बसवून बघा, टिकला तर टिकला. ताई, ही काय शिफारस झाली? जुन्या पंख्याबद्दलसुद्धा माणूस याहून बरं बोलतो. पण टिकलो. कुरियर, लॉजचं काउंटर, जहाजाला रंग लावणाऱ्यांच्या हाताखाली, ते दुसऱ्यांच्या कुत्र्यांना फिरवण्याचं काम, सगळीकडून मी एका सकाळी उठून चालू लागलो होतो, आणि तू प्रत्येक वेळी म्हणायचीस, याच्या पायाला भिंगरी आहे. आता ती भिंगरी चाकं असलेल्या खुर्चीत बसली आहे आणि खुर्चीचं एक चाक अडकलेलं आहे. ढकललं की ती पुढे जात नाही, जागच्या जागी गोल फिरते. साहेब म्हणतात, तुला शोभते, बदलू नकोस.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकी आहे, पण काच पक्की बसवलेली, उघडत नाही. समोर दुसऱ्या इमारतीची पाठ आणि तिच्यावर गरम हवा ओकणारे डबे, त्यांच्यावर कबुतरं. एक कबुतर लंगडं आहे, आणि बाकीची त्याला बरोबर गरम कोपरा सोडतात. पण ते जाऊ दे. मजा अशी, की दिवसभर आम्ही दुसऱ्यांच्या इमारतींत हवा कशी खेळेल ते काढतो, आणि आमच्या खोलीत कुणी संत्रं सोललं तर वास पार संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहतो. तिथे आम्ही तिघं. साहेब, मी आणि जाळीवाल्या बाई. त्यांचं काम इमारतीचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये उभा करून त्याचे लाखो बारीक डबे करायचे, म्हणजे हवेला जाळीत पकडायचं. फावल्या वेळात त्या विणतातही, त्यामुळे हे नाव मी दिलं नसतं तर दुसऱ्या कुणी दिलंच असतं.

तू हे सगळं शिकली आहेस, तरी मी मला कळलंय तसं सांगतो. चुकलं तर खोडून वाच. प्रत्येक डब्यात किती हवा येते, किती जाते, केवढ्या जोरात, याचा कॉम्प्युटर आधी एक अंदाज ठोकतो. मग प्रत्येक डबा शेजारच्या डब्याला विचारतो, मी इतकी दिली, तुला तेवढीच पोचली ना? नसते पोचलेली. मग भांडण. मग सगळे आपापला आकडा थोडा बदलतात आणि पुन्हा विचारतात. जिन्यावरच्या शेजाऱ्यांची पाण्यावरून चालते तशी ही बोलाचाली हजारो फेऱ्या चालते. भांडण किती उरलंय त्याची एक रेघ पडद्यावर सरकत असते. ती खाली खाली गेली की सगळ्यांचं एकमत झालं, सिम्युलेशन कन्व्हर्ज झालं, उत्तर द्या आणि जेवायला जा. रेघ खाली जाईना, तर माझं काम सुरू. माझी नोकरी म्हणजे एवढंच, न बसणाऱ्या रेघेला बसवणं.

त्याच्या युक्त्या असतात. न्हाणीघरात गरम-गार पाण्याचे दोन नळ असतात बघ. एक झटक्यात फिरवला की चटका, घाबरून दुसरा फिरवला की कुडकुड. थोडासा फिरवायचा आणि थांबायचं. इथेही तसंच, गणित म्हणालं एवढं बदल, तर त्यातलं थोडंच ऐकायचं. त्याला रिलॅक्सेशन म्हणतात. माझ्या स्वभावाला हे शिकवणं म्हणजे मांजराला पोहणं शिकवणं. पहिल्याच आठवड्यात मी ते ऐकणं इतकं कमी केलं की रेघ एकदम गुळगुळीत झाली आणि मी जाहीर करून टाकलं, जुळलं. साहेबांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे जुळलं नाही रे, हे दमलं. तू याला हलूच देत नाहीयेस, भांडणार काय ते. तेव्हापासून मी गप्प बसलेल्या रेघेवर विश्वास ठेवत नाही. आधी ओबडधोबड जाळीवर चालवायचं, त्याचं उत्तर बारीक जाळीला सुरुवात म्हणून द्यायचं. कुठे डबे तिरके, चिरडलेले असतील तर बाईंना मस्का लावून ते सरळ करून घ्यायचे. बाई म्हणतात, माझ्या जाळीला नावं ठेवण्याआधी स्वतःचे हात धुऊन ये. मग करून देतात.

तुला वाटत असेल, हा एवढा रमलाय तर पत्राचा सूर असा का. सांगतो. बाबांच्या कारखान्यात वेल्डिंगची नवी शेड होतेय हे तुला माहीत आहे. जुनीत धूर कोंडतो म्हणून तपासणीवाल्यांनी ती बंद करायला सांगितली आहे. नवीत हवा नीट खेळेल हे कागदावर दाखवल्याशिवाय ती उघडता येत नाही, आणि ती वेळेत उघडली नाही तर सगळं वेल्डिंग कंपनीच्या दुसऱ्या गावच्या कारखान्यात जाणार. तरुण पोरं तिकडे जातील. बाबांच्या वयाच्या माणसाला कोण नेतंय? त्यांना सांगतील, तुम्ही आता आराम करा. आणि बाबांना आराम म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. आई गेल्यावर सुट्टीच्या दिवशी ते घरातले सगळे चांगले स्क्रू काढून पुन्हा बसवायचे. तर ही हवा काढायचं काम आमच्याकडे आलं ते बाबांमुळेच. मॅनेजरांना त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, माझा मुलगा हेच करतो. ताई, त्यांनी माझ्याबद्दल वर्तमानकाळात काही सांगितलं असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घडलं. एरवी माझ्याबद्दल ते भविष्यकाळात बोलतात, तेही काळजीने.

शेड साधी आहे. लांब खोका. दोन्ही बाजूंना भिंतीलगत वेल्डिंगची टेबलं, दोन्ही भिंतींवरून ताज्या हवेचे पाइप आत झोत सोडतात, आणि धूर ओढून घ्यायचं तोंड मध्यभागी छपराला. डावी बाजू उजवीसारखी, अगदी घडी घालावी तशी. मी चालवायला घेतली आणि रेघ बसेना. थोडी खाली यायची, मग लाटांसारखी वर-खाली, वर-खाली, नुसती झुलत राहायची. सगळ्या युक्त्या केल्या. बारीक जाळी, ओबडधोबड जाळी, रिलॅक्सेशन, नवी सुरुवात. मी खुर्चीत गोल आणि रेघ पडद्यावर लाटेत, असे आम्ही दोघं दिवसच्या दिवस एकमेकांकडे बघत बसलो. चालू असलेलं गणित सोडून उठताही येत नाही, केव्हा उधळेल नेम नाही. मला माझा तो जुना आजार जाणवायला लागला. दाराकडे बघायचं, चपला कुठे आहेत ते आठवायचं.

मग साहेबांनीच वाट दाखवली. म्हणाले, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, मग अर्धीच शेड घे. मधोमध आरसा आहे असं समज, उरलेली अर्धी आपोआप तशीच होईल. हे काही लबाडीचं नाही बरं का, सगळे करतात, गणित निम्मं होतं. मी अर्धी घेतली, आणि रेघ अशी खाली गेली म्हणून सांगू, विहिरीत बादली सोडावी तशी. धूर सुरेख सरळ वर, छपराच्या तोंडात. टेबलांपाशी स्वच्छ हवेचा निळा रंग. मी आनंदाने उडालोच. बाबांना त्याच दिवशी सांगून टाकलं, झालं. जेवताना त्यांनी मॅनेजरांची एक नक्कल करून दाखवली. नक्कल, बाबांनी.

चैन मात्र पडेना. जे इतके दिवस भांडत होतं ते अर्धं केल्याबरोबर गप्प कसं बसलं? त्या दमलेल्या रेघेची आठवण आली. मी साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, मध्ये आरसा ठेवलास म्हणजे हवेला मधली रेषा ओलांडायची बंदी झाली. तिला ओलांडायचंच असेल तर तुला ते दिसणार नाही. बाई विणता विणता म्हणाल्या, दोन्ही बाजू सारख्या आहेत हे आपल्याला माहीत आहे, हवेला कुणी कळवलंय? म्हणजे ताई, त्या दोघांनाही हे आधीपासून माहीत होतं. मलाच नवीन. साहेब म्हणाले, बघायचंच असेल तर पूर्ण शेड घे आणि वेळेबरोबर चालव. बसव म्हणून तिच्या मागे लागू नकोस, तिला काय करायचंय ते करू दे. बघ, पण मग बघितलं नाही असं म्हणता येत नाही.

मी बघितलं. दोन्ही भिंतींवरचे झोत समोरासमोर येऊन मध्ये आदळतात. अरुंद बोळात दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की कसं होतं, कुणीच वाट सोडत नाही, आणि मग एकाला जरासा धक्का लागला की तो पार भिंतीपर्यंत रेटला जातो. तसं. डावा झोत हरतो, आणि सगळा धूर डावीकडच्या टेबलांवर उतरतो, वेल्डरच्या तोंडाच्या उंचीला येऊन बसतो, बराच वेळ. मग पारडं फिरतं, उजवीकडे. रेघ झुलत होती कारण हवाच झुलत होती. गणित बिचारं खरं सांगत होतं आणि मी त्याला गप्प बसवण्याचे उपाय शोधत होतो. उपाय आहे, पाइप समोरासमोर न ठेवता सरकवायचे. पण पाइप आधीच लागलेत, भिंतींना भोकं पडलीत. ते सगळं उतरवून पुन्हा चढवायचं तर शेड ठरल्या वेळेला उघडत नाही. आणि नाही उघडली की पुढचं वर लिहिलंच आहे.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला दोन्ही वाटा सांगितल्या. अर्ध्या शेडचा अहवाल तयार आहे, त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही, तो कारखान्यातल्या गुरुवारच्या बैठकीत द्यायचा. नाहीतर पूर्ण शेड दाखवायची, पण ती तू दाखवायची, म्हणाले, तुझ्या तोंडाने, कारण तिथे खुर्चीत तुझे वडील असणार आणि ते मला नाही जमणार. जुन्या वेल्डरांतर्फे बाबाच बसणार आहेत. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. चित्रंसुद्धा दाखवली. त्यांनी सगळं नीट बघितलं, प्रश्न विचारले. हे अर्धं म्हणजे खोटं आहे का? मी म्हणालो, खोटं नाही, अर्धं आहे. मग म्हणाले, अरे, धूर काय मला नवा आहे? जन्मभर खाल्ला, अजून थोडा. तू अर्धंच दे. मी म्हणालो, बाबा, तिथे तुम्ही एकटे नसाल, ती पोरंही असतील. त्यावर ते उठले आणि आपल्या खोलीत निघून गेले. तेव्हापासून आमचं बोलणं मीठ मागण्याइतकंसुद्धा नाही. जो माणूस आयुष्यभर मला एका जागी बस म्हणून सांगत आला, त्याच्यासमोर मी पहिल्यांदा बसून राहिलोय, आणि तोच मला ऊठ म्हणतोय.

आता ते सांगतो, जे तुला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. बाळंतिणीला घोर लावू नकोस म्हणाले. ताई, बाबा बसून झोपतात. पाठीशी दोन उशा आणि माझी घडी केलेली चादर. बुटाची नाडी बांधायला वाकले की मग बराच वेळ तसेच बसून राहतात, आणि मी बघतोय असं दिसलं की बुटाला नावं ठेवतात. फोनवर तुझ्याशी इतकं तुटक बोलतात ना, ते तुटक नसतं, तेवढ्याच श्वासात मावतं तेवढं ते बोलतात. कारखान्याच्या डॉक्टरांकडे जायचं टाळतात, कारण तिथे गेले की वेल्डिंगवरून उतरवतील. आणि तू मला मागे विचारलंस, बाबा माझ्यावर कशावरून रागावलेत, नातू झाला तरी तोंड बघायला आले नाहीत. मी तेव्हा सुट्टी मिळत नाही असं काहीतरी पुटपुटलो. ते आले होते. बाळासाठी दुपटं घेऊन सकाळी निघाले आणि संध्याकाळी दुपट्यासकट परत आले. म्हणाले, घराला कुलूप होतं. त्याच दिवशी तू फोनवर मला सांगत होतीस की दिवसभर घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी त्यांना खोदून विचारलं नाही. चार दिवसांनी आपणच म्हणाले, तुझ्या ताईने घर फार वर घेतलंय रे, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसायलासुद्धा जागा नाही. एवढंच. मग टीव्ही लावला.

मी गुरुवारी पूर्ण शेड दाखवणार आहे. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाहीये, आणि तू साहेबांकडे टाकलेल्या शब्दाचं काय होईल तेही मी बघून घेईन. पण ती दाखवून झाल्यावर बाबा त्या खोलीतून उठतील ते काम गेलेला माणूस म्हणून, आणि ते घालवणारा मी असेन. ते घरी येतील, दार लावून घेतील आणि माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर माझ्याबरोबर मुळीच यायचे नाहीत. म्हणून हे पत्र. तू बुधवारी बाळाला घेऊन ये. भावोजींना काय सांगायचं ते तूच ठरव, तुला सुचतं. बाबांना पत्राचं बोलू नकोस, नातू दाखवायला आले म्हण. आपलं घर तळमजल्यावर आहे, त्यांना कुठे चढावं लागणार नाही. गुरुवारी ते परत येतील तेव्हा त्या घरात असं कुणीतरी हवं, ज्याच्यावर ते रागावलेले नाहीत. आणि ताई, तुझ्यावर ते कधीच रागावलेले नव्हते.

तुझाच,
भिंगऱ्या